पाळी जाताना : पिशवी काढायची घाई नको

बचत गटाच्या बैठकीत हप्ता भरतो, हिशेब लिहितो, सह्या-अंगठे होतात आणि सगळ्या उठायच्या वेळी कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारते, "ताई, मला आतून वाफा निघाल्यासारखं होतं. पाळी दोन महिन्यांनी येते आणि आली की थांबतच नाही. पिशवी काढून टाकू का?" कधी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली मासे विकणारी बहीण हे विचारते, कधी वाशीच्या बाजारात धान्य निवडणारी, तर कधी तुर्भ्याच्या नाक्यावर कामासाठी उभी राहणारी. म्हणून आज त्यावरच बोलू, आणि मोठ्याने बोलू.

आधी पाळी का जाते ते पाहू. आपल्या पोटात गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. स्त्रीपणाचं मुख्य संप्रेरक तिथे तयार होतं. वय वाढलं की हे काम मंदावतं आणि पाळी मागेपुढे होऊ लागते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे पाळी गेली, असं डॉक्टर म्हणतात. बहुतेकींची पाळी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान जाते. आपल्या देशात साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला. चाळीसच्या आत गेली तर ती वेळेआधी गेली, तेव्हा डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

पाळी जाण्याआधीची काही वर्षं उलथापालथीची असतात. अचानक छाती-मान-चेहरा तापतो, घाम फुटतो, मिनिटा-दोन मिनिटांत थंडी वाजते. रात्री घामाने जाग येते. छातीत धडधडतं, चिडचिड होते, रडू येतं, विसरायला होतं. सांधे दुखतात. जागा कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, लघवीला जळजळ होते, खोकलं-शिंकलं की थेंब गळतात. हे अंगात येणं नाही, करणी नाही आणि नाटकही नाही. संप्रेरक कमी झाल्याचा हा परिणाम आहे. आणखी एक : पाळी मागेपुढे होत असतानाही दिवस राहू शकतात. त्यामुळे "आता काय होतंय" म्हणून साधन सोडू नका.

आता पिशवीचं. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीचा त्रास म्हणजे खाडा. उसाच्या फडात ना पाणी, ना आडोसा. अशा वेळी "पिशवी काढ, कटकट मिटेल" असा सल्ला मिळाला, आणि विशी-तिशीतल्या बायकांनीही ऑपरेशन करून घेतलं. 2019 मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींत एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसलेली अशी ऑपरेशनं थांबवण्यासाठी केंद्राचे नियम लागू करा, असं राज्यांना सांगितलं.

पिशवी काढल्यावर पाळी थांबते, पण कटकट मिटतेच असं नाही. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले, तर वाफा, घाम, हाडं ठिसूळ होणं हे सगळं एकदम अंगावर येतं, मग वय तीस का असेना. बीजकोष ठेवले तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थांबू शकतं. कर्करोगात किंवा कशानेच न थांबणाऱ्या रक्तस्रावात हे ऑपरेशन जीव वाचवतं, ते टाळू नये. पण पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी अनियमित आहे, एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. त्यासाठी गोळ्या आहेत, आणि जास्त रक्त जात असेल तर पिशवीत बसवायची संप्रेरकाची तांबीसारखी वस्तूही मिळते.

त्रासावर उपाय आहेत. वाफा फार असतील तर डॉक्टर संप्रेरकाच्या गोळ्या, जेल किंवा पट्टी देतात. वय साठच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी बायकांना त्यांचा फायदा जास्त असतो. पण स्तनाचा कर्करोग, रक्ताची गाठ, लकवा किंवा यकृताचा आजार झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका. संप्रेरक न चालणाऱ्यांसाठी दुसरी औषधं आहेत. कोरडेपणाला आत लावायचं मलम मिळतं.

घरात करायचं तेही कमी नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ, दूध-दही, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी ताटात असू द्या. रोज अर्धा तास झपझप चाला, थोडं उन्हात बसा. मिश्री आणि तंबाखू सोडा, हृदयाला धोका आधीच वाढलेला असतो. रात्री सुती कपडे घाला, चहा-तिखट कमी करा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. "पुन्हा पाळी आली" असं समजू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कधीकधी तो पिशवीच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो आणि लवकर कळला तर बरा होतो. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेलं तरी तसंच. त्रास नसला तरी तिशीनंतर रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. नवी मुंबईत महापालिकेची रुग्णालयं वाशी, ऐरोली आणि नेरुळला आहेत. गावात आशाताईला विचारा.

शेवटी गटांसाठी. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज आला, तर नुसती रक्कम आणि हप्ते ठरवून उठू नका. चार प्रश्न विचारा. सोनोग्राफी झाली का? गोळ्या देऊन पाहिल्या का? बीजकोष ठेवणार की काढणार? दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरांना दाखवलं का? उत्तरं नसतील तर गटातली एक बाई तिच्यासोबत पाठवा, आणि ती जीवघेण्या अवस्थेत असेल तर एक दिवसही थांबू नका. कर्ज दोन वर्षांत फिटतं, काढलेली पिशवी परत बसत नाही.

पुढच्या बैठकीत हिशेबाच्या आधी दहा मिनिटं या विषयाला द्या. सासू, सून, जाऊ सगळ्यांना बसवा.