पोलीस-सुधारणा आणि बदलीचा हुकूम

सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत सोनाळा हें गांव आहे. अशा गांवीं पोलीस म्हणजे ठाणेदार. सोनाजी महाराजांच्या यात्रेचा बंदोबस्त त्यानेंच ठेवावयाचा आणि बांधाच्या भांडणांत दोन्ही पक्षांस दमहि त्यानेंच द्यावयाचा. एखादा ठाणेदार भला निघाला, लोकांत मिसळला, तर गांवास बरे दिवस येतात. आणि मग बदलीचा हुकूम येतो. साहेब गेल्यावर त्यांच्या चांगुलपणाचें काय होतें, हा प्रश्न एका गांवापुरता नाहीं. ‘दि वायर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेनें तो मोठ्या धीटपणानें मांडलेला आहे.

ही मालिका २००२ ते २००८ या काळांत दाखविली गेली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन हे बाल्टिमोर शहरांतील एका वृत्तपत्राचे बातमीदार होते. त्यांचे सहकारी एड बर्न्स हे तेथल्याच पोलीस खात्यांत तपासाचें काम करून पुढें शाळामास्तर झालेले. (दोहोंपैकीं कठीण काम कोणतें, हें शिक्षकांस सांगावयास नको!) मालिकेच्या २००४ सालच्या तिसऱ्या पर्वांत हॉवर्ड कोल्व्हिन नांवाचा एक विभागप्रमुख आहे. निवृत्तीस थोडेच महिने उरलेले. वरिष्ठ त्याला वरचेवर बोलावून आंकडे विचारतात आणि गुन्हे कमी दाखवा म्हणून बजावतात. आतां आंकडा उतरविण्याचे दोन मार्ग सर्वांस ठाऊक असतात; गुन्हा थांबविणें, किंवा तो वहींत न लिहिणें. कोल्व्हिन तिसराच मार्ग काढतो. मादक द्रव्यें विकणाऱ्या पोरांना तो ओस पडलेल्या घरांच्या एका वस्तींत हांकून नेतो. तेथें विकाल तर कोणी धरणार नाहीं, बाहेर विकाल तर गांठ आमच्याशीं आहे, असा त्याचा करार. त्यामुळें इतर रस्ते खरोखरच शांत होतात, गुन्हे घटतात, लोक दाराशीं बसूं लागतात. ती ओस वस्ती मात्र नरक बनते, आणि मालिका तेंहि लपवीत नाहीं.

कोल्व्हिनचा दोष निराळाच आहे. हें सारें त्यानें वरिष्ठांच्या आणि शहराच्या नकळत केलेलें असतें. बातमी फुटतांच ती वस्ती जमीनदोस्त होते, कोल्व्हिनचा हुद्दा उतरविला जातो व त्याच उतरत्या हुद्द्यावर त्याला निवृत्त व्हावें लागतें. रस्ते पुन्हा पूर्ववत्! ज्यांच्यासाठीं ही सुधारणा झाली, त्यांपैकीं एकाचाहि हात तिच्या पाठीशीं नव्हता.

याच्या अगदीं उलट उदाहरण महाराष्ट्रांत घडलेलें आहे, आणि तें कल्पित नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथें १९७० सालीं शिवजयंतीच्या मिरवणुकींतून भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ सालीं पुन्हा तोच वणवा पेटला. पुढें १९८८ सालीं सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडींत आले. दंगल आटोक्यांत आणणें हें पोलिसांचें काम खरें. परंतु दंगल होण्यापूर्वींच्या शांत दिवसांत पोलिसांनीं काय करावें, हा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सुमारे ७० समित्या स्थापन झाल्या. हिंदु व मुसलमान सभासद सारख्या संख्येनें घेतले आणि सोबत एक पोलीस बसविला. बैठकींत धर्मचर्चा व्हावयाची नव्हती. शेजाऱ्यांच्या लहानसहान कुरबुरी तेथें निघत. योजनेचें मर्म याच क्षुल्लकपणांत आहे. गटाराच्या भांडणाकरितां जीं माणसें चार वेळां एका सतरंजीवर बसलीं, त्यांना पांचव्या वेळीं अफवा आली तर एकमेकांचें दार ठोठावतां येतें. आणि कोणतें दार ठोठवावें, हें हवालदारासहि ठाऊक असतें.

कसोटीचा दिवस ६ डिसेंबर १९९२ हा होता. अयोध्येंत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबर व जानेवारी मिळून तेथें सुमारे ९०० माणसें प्राणास मुकलीं. भिवंडी मात्र शांत राहिली! खोपडे तेव्हां तेथें नव्हते, त्यांची बदली झालेली होती. तरीहि त्यांनीं घालून दिलेली घडी मोडली नाहीं. पुढें १९९४ सालीं मुंबईंतहि अशाच मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. जूलिओ रिबेरो आणि सतीश साहनी या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचा तींत पुढाकार होता.

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. जुलै २००६ मध्यें त्याच भिवंडींत कबरस्तानाशेजारीं पोलीस ठाणें बांधण्यावरून तंटा माजला. पोलिसांच्या गोळीबारांत दोघे मेले, आणि नंतर जमावानें दोन पोलिसांचा जीव घेतला. एका बदलीनंतर टिकलेली घडी पुढच्या चौदा वर्षांत विसकटली होती. समिती कागदावर राहूं शकते. सतरंजी मात्र दर वेळीं कोणीतरी अंथरावी लागते.

त्याच वर्षीं २२ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकाश सिंग यांच्या खटल्यांत सात निर्देश दिले. पोलीस अधीक्षक, ठाणेदार आदि अधिकाऱ्यांस एका जागीं निदान दोन वर्षें ठेवावें, हा त्यांतील एक. पाठोपाठ १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र शासनानें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली. हिच्या समित्या ग्रामसभेंत निवडावयाच्या असल्यामुळें शहरांतील मोहल्ल्याची कल्पना खेड्यांच्या चावडीपर्यंत आली. त्या समितींत पोलीस पाटील बसतो. त्याची बदली होत नसते. तो त्याच गांवचा असतो.