दायमाबादची पांढर: तिथं जाऊन काय पाहायचं?

प्रागैतिहासिक वस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी भिंती येतात. स्कॉटलंडमधल्या स्कारा ब्रे इथं तशा त्या खरंच आहेत. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची घरं, आतल्या दगडी फडताळांसकट. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला गेलो, तर आधी निराशाच होते. दिसतं ते एक टेकाड आणि खाली नदी.

मग इथं टिकलं काय? उत्तर आपल्या गावच्या बोलीतच आहे. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती पडायच्या, त्यावर राख, हाडं, खापरं साचायची आणि वर पुन्हा नवं घर उभं राहायचं. असं शेकडो वर्षं चाललं की माती पांढुरकी होते, जमीन उंचावते. म्हणजे हे टेकाड हीच वस्ती.

1958 मध्ये बोपर्डीकरांनी हे स्थळ उजेडात आणलं. पुढे 1979 पर्यंत म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी इथं उत्खननं केली. एकावर एक पाच संस्कृतींचे थर निघाले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. साधारण इ.स.पू. 2200 ते 1000. यातलं जोर्वे गावही याच जिल्ह्यातलं, संगमनेरजवळचं.

थराचं मोल किती, ते दोन उदाहरणांवरून कळतं. जोर्वे काळात मूल दगावलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. हे आपल्याला कळलं, कारण रांजण आणि वरची जमीन जागच्या जागी सापडली.

दुसरं उदाहरण 1974 चं. झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला भरीव ओतकामाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. आज त्या जगप्रसिद्ध आहेत. पण शास्त्रीय उत्खननात थरासकट निघाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे. वस्तू हाती आली, तिचा पत्ता मात्र हरवला.

आपल्याकडे धाब्यावर पसरायला पांढरी माती नेण्याची जुनी रीत आहे. त्या टोपलीतून असे किती पत्ते गेले असतील!

तेव्हा दायमाबादला जाऊ तेव्हा पावसानं कापलेली एखादी घळ शोधू. तिच्या कडेला राखेचे, मातीचे पट्टे खालून वर वाचत जाऊ. पायाशी काळ्या रंगानं नक्षी काढलेलं तांबडं खापर दिसलं, तर वाकून पाहू, हवा तर फोटो काढू. खिशात मात्र घालायचं नाही. ते जिथं पडलंय, तिथंच त्याला अर्थ आहे.