गरम रस्त्यांचं गाव आणि दारापुढचं फावडं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड नावाचं छोटं शहर आहे. वस्ती जेमतेम चौतीस हजार. जानेवारीत बर्फ पडत असताना तिथल्या एट्थ स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत, उभं राहिलं की एक गंमत दिसते. बाकांवर चार बोटं पांढरा थर, दिव्यांच्या खांबांवर थर, उभ्या गाड्यांच्या टपांवर थर. आणि पायाखालचा विटांचा फुटपाथ मात्र नुसता ओला. भुरभुरत आलेला बर्फ विटेला टेकतो, काळा ठिपका उमटतो आणि संपतो. थोडं पुढे चालत गेलं की ही गरम फरशी एका रेघेवर थांबते. रेघेच्या अलीकडे लोक साध्या बुटांत कॉफीचा कप घेऊन फिरत असतात, पलीकडे पोटरीभर बर्फ.

या शहराला बर्फ पुरवतो तो मिशिगन सरोवराचा शेजार. हिवाळ्यात वायव्येकडून कोरडा, कडक गार वारा येतो. सरोवराचं पाणी त्या मानाने उबदार असतं. त्या पाण्यावरून येताना वारा वाफ पितो आणि पूर्वेच्या काठावर चढताच ती बर्फ करून टाकून देतो. हॉलंड नेमकं या काठावर आहे, त्यामुळे दर हिवाळ्यात सरासरी सहा फुटांच्या आसपास बर्फ त्याच्या वाट्याला येतो. समोरच्या काठावरच्या मिलवॉकीत तो बराच कमी पडतो. त्याच सरोवराच्या उबेमुळे या पट्ट्यात सफरचंदं, चेरी, ब्लूबेरी पिकतात, म्हणून शेतकरी त्याला फार शिव्या देत नाहीत. शहरातल्या दुकानदारांचं तसं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक गावांची जुनी बाजारपेठ मॉलनी खाल्ली. मॉलमध्ये छप्पर, ऊब आणि गाडी लावायला फुकट जागा. एट्थ स्ट्रीटवर बर्फाचे ढीग, चिखल आणि घसरगुंडी. हॉलंडने १९८८ साली बाजारपेठेचं नूतनीकरण करायचं ठरवलं, आणि रस्ता उखडणारच आहोत तर खाली गरम पाण्याच्या नळ्या टाकू, असा प्रस्ताव पुढे आला. त्यामागे एडगर प्रिन्स हे स्थानिक उद्योगपती होते. मोटारींचे सुटे भाग बनवणारी त्यांची कंपनी याच गावची. त्यांनी पदरचे अडीच लाख डॉलर दिले. एकूण खर्च दहा लाखांच्या वर गेला. बर्फ वितळवायला रस्ता तापवायचा ही कल्पना सुरुवातीला अनेकांना श्रीमंती खूळ वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

पण खुळामागे हिशेब होता. औष्णिक वीजकेंद्रात वाफेने जनित्र फिरवल्यावर त्या वाफेचं परत पाणी करावं लागतं. त्यासाठी गार पाणी फिरवतात, ते तापतं आणि ती उष्णता कुठे तरी सोडून द्यावी लागते. चंद्रपूरला किंवा कोराडीला जे अवाढव्य शीतमनोरे पांढरी वाफ सोडताना दिसतात, ते हेच काम करतात. जुन्या कोळशाच्या केंद्रात जाळलेल्या इंधनातली जवळपास निम्मी उष्णता अशी वाया जाते. हॉलंडचं जुनं केंद्र मकाटावा तलावाच्या काठी, बाजारपेठेच्या जवळ होतं. तलावात सोडून द्यायची ऊब त्यांनी आधी रस्त्याखालून फिरवून आणायला सुरुवात केली.

आज या व्यवस्थेत जवळपास तीनशे किलोमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या नळ्या आहेत. त्या फरशीखाली आणि काँक्रीटखाली वेटोळ्यांनी पसरल्या आहेत. साधारण ३५ अंश सेल्सिअसचं पाणी मिनिटाला सतरा-अठरा हजार लिटर या वेगाने त्यांतून जातं, ऊब देऊन परत येतं, पुन्हा तापतं. हे पाणी आपल्या आंघोळीच्या पाण्याइतकंही कडक नाही, पण पृष्ठभाग शून्याच्या वर राहिला की काम झालं. बाहेर उणे सात अंश असताना, बेताचा वारा वाहत असताना, तासाला एक इंच बर्फ वितळवण्याची या व्यवस्थेची क्षमता आहे. त्याहून जोरात कोसळला तर इथेही थर साचतो आणि वादळ ओसरल्यावर हळूहळू जातो. शिवाय काँक्रीट तापायला वेळ लागतो. बर्फ पडायला लागल्यावर कळ दाबून भागत नाही, पाणी आधीपासून फिरतं ठेवावं लागतं.

कोळशाचं केंद्र बंद झालं. २०१७ पासून त्याची जागा ‘हॉलंड एनर्जी पार्क’ या नैसर्गिक वायूवरच्या केंद्राने घेतली. नवं केंद्र कार्यक्षम, म्हणून वाया जाणारी उष्णता कमी; तरीही रस्त्यांना पुरते. नगरपालिकेने चालवलेली अमेरिकेतली सर्वांत मोठी बर्फ-वितळवणी म्हणून ही व्यवस्था ओळखली जाते.

इतकी सोपी गोष्ट इतर शहरं का करत नाहीत? माझ्या मते उत्तर अभियांत्रिकीपेक्षा मालकीत आहे. हॉलंडमध्ये वीजकंपनी गावाच्याच मालकीची आहे. रस्ता गावाचा, उष्णता गावाची, आणि दोन्हींमधलं अंतर नळी टाकण्याजोगं. बहुतेक ठिकाणी वीजकेंद्र कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं असतं आणि शहरापासून लांब असतं. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये घरं तापवून परत निघालेलं भूगर्भातलं गरम पाणी फुटपाथांखालून नेतात. तिथेही उष्णता आणि शहर यांचं नातं असंच जवळचं आहे.

हॉलंडकरांच्या स्वभावाचाही यात थोडा वाटा असावा. १८४७ साली आल्बर्टस व्हान राल्ट या धर्मोपदेशकाबरोबर आलेल्या डच लोकांनी हे गाव वसवलं. मे महिन्यात ट्यूलिप महोत्सव असतो. त्यात महापौर रस्त्याची पाहणी करतात, रस्ता अस्वच्छ असल्याचं जाहीर करतात, आणि मग डच पोशाख घातलेले, लाकडी बूट चढवलेले नागरिक बादल्या-ब्रश घेऊन भर रस्ता घासतात. नाटकच आहे, पण ते मनापासून होतं.

मात्र गरम रस्ता हा शहराचा लहानसा तुकडा. बाकीचं हॉलंड, आणि उत्तर अमेरिकेतली अशी शेकडो छोटी शहरं, हिवाळा काढतात ती मीठ, प्लाउ (पुढे पातं लावलेला, बर्फ ढकलणारा ट्रक) आणि फावडं यांच्या जोरावर.

मीठ मिशिगनचं घरचंच. डेट्रॉइट शहराच्या खाली, अकराशे फुटांहून खोल, मिठाची खाण आहे आणि तिथलं खडेमीठ रस्त्यांवर जातं. वादळ यायच्या आदल्या दिवशी रस्त्यावर बारीक, समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. नव्या माणसाला वाटतं रंगकाम चाललंय. ते मिठाचं पाणी असतं. टँकरच्या मागच्या तोट्यांमधून ते सोडतात, म्हणजे पहिला बर्फ डांबराला चिकटत नाही. मिठाचं प्रमाण तेवीस टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण त्या प्रमाणात ते सर्वांत उशिरा गोठतं. पण पारा उणे दहाच्या खाली गेला की मिठाचा जोर ओसरतो आणि वाळू टाकावी लागते. मिठाची किंमतही मोजावी लागते. गाड्यांची बुडं गंजतात, काँक्रीट पोपडे धरतं आणि वसंतात सगळा क्षार ओढ्यांत, तळ्यांत उतरतो. एट्थ स्ट्रीटच्या विटा इतक्या वर्षांनी चांगल्या दिसतात, याचं एक कारण म्हणजे त्यांच्यावर ना मीठ पडतं ना प्लाउचं पातं घासतं.

प्लाउचा क्रम सगळीकडे साधारण सारखा. आधी मुख्य रस्ते आणि इस्पितळाकडे जाणारे, मग शाळेच्या बसचे, मग वस्तीतले. बंद गल्ल्या शेवटी. त्यामुळे गल्लीच्या टोकाला राहणारा प्रत्येक माणूस दर हिवाळ्यात नगरपालिकेवर रागावलेला असतो. पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा. प्लाउ रस्ता साफ करत जातो तेव्हा पात्याच्या कडेने बर्फाचा बांध घालत जातो, आणि तो बांध नेमका तुमच्या ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापुढच्या गाडीवाटेच्या, तोंडाशी पडतो. पहाटे उठून तुम्ही गाडी काढण्यापुरती वाट केलेली असते. साडेसातला प्लाउ येतो आणि गुडघाभर, ढेकळांचा, मीठ-चिखल मिसळलेला ढिगारा तिथे ठेवून जातो. तासाभरात तो दगड होतो. तो उपसायची जबाबदारी तुमची. फोन करून भांडणारे असतात, उपयोग शून्य.

यावर जुने रहिवासी एक युक्ती सांगतात. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करा आणि उपसलेला बर्फ उजव्या हाताला टाका. तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे प्लाउ तुमच्या डावीकडून येतो. डावीकडे टाकलेला ढीग तो परत तुमच्याच दारात ओढून आणणार. डाव्या अंगाला रस्त्याच्या कडेची थोडी जागा मोकळी करून ठेवली तर पात्यावरचा बर्फ आधी तिथे उतरतो.

रहिवाशांनी करायची कामं बरीच आहेत. बहुतेक शहरांत घरापुढचा सार्वजनिक फुटपाथ घरमालकाने साफ करायचा असतो, ठरलेल्या मुदतीत. केला नाही तर नगरपालिका माणूस लावून करते आणि बिल पाठवते. अनेक ठिकाणी हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, म्हणजे प्लाउला कडेपर्यंत जाता येतं. टपालपेटीपर्यंत वाट हवी, नाही तर पोस्टमन टपाल न देता पुढे जाऊ शकतो. घराजवळ अग्निशामक नळ असेल तर त्याच्याभोवतीचा बर्फ काढायचा. आगीच्या वेळी बंबवाल्यांनी आधी नळ शोधत बसावं, याची कल्पनाच करवत नाही. आपला बर्फ रस्त्यावर ढकलणं किंवा रस्ता ओलांडून समोर नेऊन टाकणं मिशिगनमध्ये बेकायदा आहे. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि शेजाऱ्याने मोडलेला लगेच दिसतो.

यातली विसंगती मला खटकते. गाड्यांसाठीचा रस्ता कराच्या पैशातून, यंत्राने, पहाटे साफ होतो; पायी चालणाऱ्यांची वाट मात्र पन्नास वेगवेगळ्या घरमालकांच्या मर्जीवर. एकोणपन्नास जणांनी फुटपाथ घासूनपुसून ठेवला आणि एक जण हिवाळा काढायला फ्लोरिडाला गेला, तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी ती अख्खी वाट बंद. बसथांब्यावर जाणारी म्हातारी रस्त्यातून, गाड्यांच्या बाजूने चालते. मिशिगनमध्येच अ‍ॅन आर्बरच्या एका वस्तीने यावर आपला तोडगा काढला. लोकांनी देणग्या जमवून छोटा ट्रॅक्टर घेतला आणि स्वयंसेवक सगळ्या वस्तीचे फुटपाथ सलग साफ करू लागले. काम चांगलंच, पण ते नगरपालिकेने करायला हवं. फुटपाथ हा रस्त्याचाच भाग आहे, आणि हॉलंडने निदान बाजारपेठेपुरतं तसं मानलं.

आपल्याकडच्या वाचकांना हे सांगायचं कारण असं, की मिशिगनमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत आणि हिवाळ्यात नातवंडांना भेटायला जाणारे आई-बाबाही असतात. मुलगा-सून कामावर गेल्यावर घरी रिकामं बसवत नाही, दारातलं फावडं खुणावतं. ते उचलू नका. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसतात, ओला बर्फ दिसतो त्याहून बराच जड असतो, आणि हातांनी जोर लावताना माणूस नकळत श्वास रोखतो. बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशन दर हिवाळ्यात इशारा देते. शेजारच्या शाळकरी पोराला वीस डॉलर द्या, तो खुशीने उपसून देईल. तुम्हाला काही करायचंच असेल तर मोठं वादळ झाल्यावर खिडकीतून एवढं पाहा, की घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारा भिंतीतला पाइप बर्फाने झाकला गेलेला नाही ना. झाकला असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो आणि त्याला वास नसतो. लगेच मुलाला फोन करा.