आवाजाच्या बळावर: सिंधुताई सपकाळ
जन्म १४ नोव्हेंबर १९४८, वर्धा जिल्ह्यातील पिंपरी मेघे. नकोशी मुलगी, म्हणून घरातली हाक ‘चिंधी’. शाळा चौथीपर्यंत, मग कोवळ्या वयात लग्न. ऐन विशीत, दिवस भरत आले असताना नवऱ्याने घराबाहेर काढले. गोठ्यात बाळंत झाल्या. माहेरानेही दार उघडले नाही. पोटासाठी त्या रेल्वेत, फलाटांवर गाणी म्हणत भीक मागू लागल्या. मिळेल ते इतर भिकाऱ्यांबरोबर वाटून खात. व्यासपीठावरच्या सिंधुताई घडल्या त्या इथेच. पुढे नऊवारीतल्या या बाईंच्या भाषणात मध्येच बहिणाबाई यायच्या, सुरेश भट यायचे, आणि शेवटी सभेपुढे पदर पसरला जायचा. कुठलीही तालीम न घेता सभेला एका दमात हसवणारा आणि रडवणारा असा वक्ता मराठीत विरळाच. त्यांनी सांभाळलेल्या अनाथ लेकरांच्या ताटातली भाकरी याच भाषणांतून आली. त्यांच्या आयुष्यावरचा ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट (दिग्दर्शक अनंत महादेवन) २०१० मध्ये आला. २०२१ मध्ये पद्मश्री. ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात निधन.