आधी पडताळणी, मग पैसे

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडण्यात आले. भामट्यांनी संगणक यंत्रणेत शिरकाव करून बनावट कार्डांवरील मागणीस खोटी मंजुरी मिळवून दिली. मूळ खात्याशी पडताळणी झालीच नाही आणि अनेक देशांतील एटीएममधून रोकड निघून गेली.

पडताळणी चुकविण्याची हीच युक्ती लहान कार्यालयांतही योजली जाते. आळंद तालुक्यातील मादन हिप्परग्यासारख्या सीमाभागातील गावांतही ग्रामपंचायत, शाळा व सहकारी संस्था यांचे व्यवहार आता मोबाईल व संगणकावरून होऊ लागले आहेत. वरिष्ठांचे छायाचित्र लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून "बैठकीत आहे, त्वरित रक्कम पाठवा" असा संदेश येतो; किंवा पुरवठादाराच्या नावे, बँक खाते बदलल्याचे ई-मेल येते. घाई, गुप्तता आणि नवे खाते ही फसवणुकीची तीन लक्षणे होत.

अशा वेळी संदेशास उत्तर न देता दप्तरी नोंद असलेल्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. ओटीपी वा पिन कोणासही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.

रक्कम गेलीच, तर संकोच न करता बँकेस व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. हा क्रमांक महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत चालतो. पैसे काढून घेतले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास रक्कम गोठविता येते.

खात्रीसाठी केलेला दूरध्वनी हा वरिष्ठांचा अवमान नव्हे. ते सेवकाचे कर्तव्यच होय.