फोनवरून कॉम्प्युटर क्लस्टरला काम कसं द्यायचं? ‘स्लर्म’ इन्स्टॉल आणि सेटअप, सोप्या मराठीत

सुपरकॉम्प्युटर म्हटलं की आपल्याला वाटतं, हे मोठमोठ्या संस्थांचं काम. पण अशा मशिनवर कोणाचं काम आधी चालणार आणि कोणाचं नंतर, हे ठरवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपन सोर्स आहे आणि दोन जुन्या डेस्कटॉपवरही चालतं. त्याचं नाव स्लर्म. मी अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो आणि दोन जुन्या पीसींवर ते लावून फोनवरून वापरतो. ते कसं लावायचं, ते आज पाहूया.

याची गरज काय?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मशिन लर्निंगचं मॉडेल ट्रेन करायचं असतं. ज्याच्याकडे दमदार लॅपटॉप आहे त्याचं होऊन जातं, बाकीच्यांच्या हातात फक्त फोन. लॅबमधले पीसी रात्रभर बंद पडून असतात. आणि एका पीसीवर चौघांनी एकदम प्रोग्राम सुरू केले तर रॅम भरते आणि चौघांचंही काम अडकतं. शेवटी ज्याची ओळख जास्त, त्याला मशिन आधी मिळतं. स्लर्म ओळख बघत नाही, नियम बघतं.

स्लर्म म्हणजे काय? उसाच्या भाषेत

आपल्या जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे. शेतकरी कारखान्याकडे उसाची नोंद करतो. शेतकी विभाग तोडणीचा प्रोग्राम लावतो. पाळी आली की टोळी फडात येते. कोणीही उठून थेट गव्हाणीत ऊस टाकत नाही.

स्लर्ममध्येही तसंच आहे:

- जॉब म्हणजे तुमची नोंद: कोणता प्रोग्राम, किती कोअर, किती रॅम, किती वेळ.
- स्लर्म-कंट्रोल-डी म्हणजे शेतकी विभाग. हा मुख्य मशिनवर बसून पाळ्या लावतो.
- स्लर्म-डी म्हणजे टोळी. प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येक मशिनवर हा चालतो. अशा मशिनला नोड म्हणतात.
- पार्टिशन म्हणजे नोडचा गट, उदा. ‘छोटी कामं’ आणि ‘रात्रीची कामं’.

आणखी एक गंमत. मोठ्या जॉबसाठी पुरेशी मशिन मोकळी व्हायची असतील, तर मधल्या वेळेत बसणारं छोटं काम स्लर्म उरकून घेतं, पण मोठ्या जॉबची पाळी पुढे न ढकलता. याला बॅकफिल म्हणतात. म्हणून जॉबला लागणारा वेळ खरा सांगा. ‘असू दे’ म्हणून २४ तास लिहिले, तर अर्ध्या तासाचं कामही मागे पडू शकतं.

हेच पुण्यातही चालतं

स्लर्मची सुरुवात अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झाली. आज जगातल्या कितीतरी मोठ्या सुपरकॉम्प्युटरवर तेच आहे. आपल्याकडे सी-डॅकने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० बनवला. २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झालं आणि त्यातून पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आला. त्यावर जॉब द्यायचा तो स्लर्मनेच. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटीच्या ३० मोठ्या अँटेना आहेत. त्या दुर्बिणीच्या कामासाठीही २६ सप्टेंबर २०२४ रोजी परम रुद्र सुपरकॉम्प्युटर देशाला अर्पण झाला. म्हणजे घरी शिकलेल्या कमांड पुढे तिथेही कामाला येतात.

सेटअप: स्टेप बाय स्टेप

लागणारं सामान: उबुंटू टाकलेले दोन पीसी, एक राउटर आणि फोन. (कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.)

१. नावं आणि पत्ते पक्के करा. दोन्ही पीसींना राउटरमधून कायमचा आयपी द्या आणि दोन्हीकडच्या होस्ट्स फाइलमध्ये एकमेकांची नावं लिहा. युजरचं नाव आणि युजर नंबर दोन्हीकडे सारखाच हवा.

२. घड्याळ जुळवा. दोन्ही मशिनवर इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवा. कारण पुढच्या स्टेपमध्ये कळेल.

३. आधी ‘मुंज’! हो, उच्चार आपल्या मुंजीसारखाच. हे छोटं सॉफ्टवेअर दोन मशिनना एकमेकांची ओळख पटवून देतं. एप्टने दोन्हीकडे इन्स्टॉल करा. मग एका मशिनवरची मुंजची की-फाइल दुसऱ्यावर कॉपी करा, तिची मालकी ‘मुंज’ युजरकडे ठेवा आणि परवानगी ०४०० करा, म्हणजे इतर कोणी ती वाचू शकणार नाही. मुंजचं ओळखपत्र साधारण ५ मिनिटंच चालतं. म्हणूनच घड्याळं जुळलेली हवीत.

४. स्लर्म इन्स्टॉल करा. उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव ‘स्लर्म-डब्ल्यूएलएम’ आहे. दोन्ही मशिनवर टाका.

५. कॉन्फिग फाइल लिहा. इटीसी फोल्डरमधल्या स्लर्म फोल्डरात ‘स्लर्म डॉट कॉन्फ’ ही फाइल लागते. स्लर्मच्या साइटवर ती बनवून देणारा फॉर्मही आहे. त्यात मुख्य गोष्टी चारच: क्लस्टरचं नाव, कंट्रोलर मशिनचं नाव, प्रत्येक नोडचे कोअर व रॅम, आणि पार्टिशन. नोडची माहिती अंदाजाने भरू नका. त्या मशिनवर स्लर्म-डीला मोठा सी हा पर्याय देऊन चालवा, तयार ओळ मिळते. रॅमचा आकडा एमबीमध्ये असतो, तो थोडा कमी करून लिहा. खऱ्यापेक्षा जास्त लिहिला तर नोड काम घेत नाही. ही फाइल दोन्हीकडे अगदी सारखी असली पाहिजे.

६. सेवा सुरू करा. कंट्रोलर जिथे रांगेची माहिती साठवतो, तो फोल्डर आधी बनवा आणि त्याची मालकी ‘स्लर्म’ युजरला द्या. मग मुख्य मशिनवर कंट्रोलर आणि दोन्हीकडे स्लर्म-डी सुरू करा. आता ‘एसइन्फो’ द्या. नोडसमोर ‘आयडल’ दिसलं की समजा, टोळी तयार आहे.

फोनवरून पहिला जॉब

अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडमधून टर्मक्स टाका, त्यात ओपन-एसएसएच इन्स्टॉल करा आणि त्याच वायफायवरून मुख्य मशिनला लॉगिन व्हा. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहा. वरच्या ओळींत हॅश चिन्हाला जोडून ‘एसबॅच’ लिहायचं आणि मागणी नोंदवायची: जॉबचं नाव, २ कोअर, २ जीबी रॅम, ३० मिनिटं. खाली तुमचा प्रोग्राम चालवणारी ओळ. आता एवढ्याच कमांड लक्षात ठेवा:

- एसबॅच: जॉब द्या, नंबर मिळतो.
- एसक्यू: रांग बघा. ‘पीडी’ म्हणजे थांबलाय, ‘आर’ म्हणजे चालू आहे.
- एसकॅन्सल: नंबर देऊन जॉब रद्द करा.

जॉब दिला की फोन बंद केला तरी चालतो. काम तिकडे पीसीवर होत राहतं.

नेहमीच्या अडचणी

*लाईट गेली तर?* आपल्याकडे हा पहिला प्रश्न. रांगेची माहिती डिस्कवर असते, त्यामुळे थांबलेले जॉब हरवत नाहीत. चालू असलेला जॉब बहुतेक वेळा पुन्हा रांगेत लागतो, पण पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून प्रोग्राममध्येच दर थोड्या वेळाने प्रगती सेव्ह करा.

*नोड ‘डाऊन’ दिसतोय?* अचानक बंद होऊन चालू झालेल्या नोडला स्लर्म बाजूला ठेवू शकतं. ‘एसकंट्रोल अपडेट’ने त्याची स्थिती ‘रिझ्यूम’ करा.

*आउटपुट सापडत नाही?* जॉब दुसऱ्या मशिनवर चालला असेल, तर फाइलही तिथेच असेल. एनएफएसने एक फोल्डर दोन्हीकडे सामाईक करा.

*एकाच मित्राने ५० जॉब टाकले तर?* पार्टिशनला कमाल वेळ ठरवून द्या. पुढे स्लर्मचा डेटाबेस जोडला की फेअरशेअर लावता येतं, म्हणजे ज्याने आधी भरपूर वापरलंय त्याचा नंबर मागे जातो.

एवढं मात्र करू नका

स्लर्मचे ६८१७ आणि ६८१८ हे पोर्ट इंटरनेटवर उघडू नका, मुंजची की कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बाहेरून वापरायचं असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएच की वापरा. उघडं ठेवलेलं मशिन दुसऱ्याच्या क्रिप्टो मायनिंगला जुंपलं जातं आणि लाईटबिल तुम्ही भरता. कॉलेजचे पीसी असतील तर आधी लेखी परवानगी घ्या.

टर्मिनल नको वाटत असेल, तर ओपन ऑनडिमांड हे ओपन सोर्स पोर्टल आहे. ते लावलं की जॉब थेट ब्राउझरमधून देता येतो. पण आधी एका पीसीवरच कंट्रोलर आणि स्लर्म-डी दोन्ही लावून बघा, तेवढ्यावरही सगळं शिकता येतं. एक जॉब नीट चालला की दुसरा पीसी जोडा.