टी. टी. म्हणजे टेबल टेनिस नव्हे!

आमच्या आजेसासूबाईंचं वय सत्त्याऐंशी. घरात सगळे त्यांना आजीच म्हणतो. तब्येत काटक, दात तेवढे गेलेले, पण गेल्या दोनेक वर्षांपासून विसरायला फार होतं. जेवल्या की तासाभराने विचारतात, "सूनबाई, अगं आज जेवायला नाही का वाढायचं?" पहिल्यांदा हसू यायचं. पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, चीड यायची.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले तर दार सताड उघडं. सासूबाई देवळात गेलेल्या, मुलं शाळेत, आणि आजी घरात नाहीत! काळजात धस्स झालं. आमचं घर ठाण्यात, अगदी भर रस्त्यावर. पायात चप्पल न घालताच खाली धावले. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर आजी बसल्या होत्या. अंगावर नेसूचं जुनेर, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक पातळ आणि लाडवांचा डबा. एक रिक्षावाला बिचारा त्यांना समजावत होता.

"आजी, कुठे निघालात?"

"टी. टी.ला. तिथून माझगावला ताईकडे. तारेची बस धरली की झालं."

मी त्यांचा हात धरून जवळजवळ ओढतच घरी आणलं आणि मग माझा तोल सुटला. "कसली तारेची बस? असली बस कुठे असते का? तुमच्या ताईला जाऊन वीस वर्षं झाली!" आजी काही बोलल्या नाहीत. पिशवीतला डबा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथेही मी सांगितलं, "डॉक्टर, आता या नसलेल्या गोष्टी सांगायला लागल्यात. तारेवरच्या बसमधून जायचं म्हणतात." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. आजी माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मला आजही आठवते.

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता आणि शाळेत अर्धवेळ तोच विषय शिकवते. त्या सहामाहीत सातवीच्या मुलांसाठी 'आपली वाहने' असा प्रकल्प होता. ठाण्याच्या मुलांना आगगाडीचा अभिमान असायलाच हवा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्याच गावी आली ना! चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि चौतीस किलोमीटरची वाट. मी मुलांना सहज विचारलं, "दादर टी. टी.मधलं टी. टी. म्हणजे काय?" एकजण म्हणाला, "तिकीट तपासणारा." दुसरा म्हणाला, "टेबल टेनिस!" वर्ग हसला, मीही हसले. उत्तर होतं ट्राम टर्मिनस. म्हणजे ट्रामचं शेवटचं स्थानक.

ट्रामबद्दल आणखी काही सांगावं म्हणून घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता एका ओळीवर थबकलेच. मुंबईत ११ जून १९६२ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ला ती बंद झाली!

ट्रॉलीबस म्हणजे विजेच्या तारेवर चालणारी बस. रूळ नाहीत, चाकं रबरी, आणि टपावरून दोन लांब दांडे वरच्या दोन तारांना टेकलेले. ट्रामला वर एकच तार पुरते, कारण वीज परत जायला खाली लोखंडी रूळ असतात. रबरी चाकांच्या बसला ती सोय नाही, म्हणून तारा दोन लागतात.

म्हणजे आजींची तारेची बस खरी होती. नऊ वर्षं ती त्यांच्या ताईच्या माझगावला जात होती. न बघितलेल्या गोष्टीला मी नाही म्हणून बसले होते आणि डॉक्टरांच्या कागदावर आजींचं खरं बोलणं खोटं म्हणून नोंदवून आले होते.

त्या रात्री मी आजींजवळ जाऊन बसले. "आजी, तारेची बस कशी हो होती?" असं विचारलं मात्र, आजी उठूनच बसल्या. म्हणाल्या, "अगं, आवाजच नाही तिला! मागून कधी आली कळायचंसुद्धा नाही. वळणावर दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी उभी. मग कंडक्टर खाली उतरून दांडा तारेला लावायचा, आणि आम्ही आत बसून हसायचो." सकाळचं जेवण न आठवणाऱ्या आजी साठ वर्षांपूर्वीच्या बसचा दांडा हातवारे करून दाखवत होत्या.

त्यानंतर आमचा रोजचा नेमच झाला. स्वयंपाकघर आवरलं की अर्धा तास आजी सांगायच्या आणि मी मुलीच्या जुन्या वहीत लिहून घ्यायची. आजी १९५७ साली लग्न होऊन दादरला आल्या. घराच्या गॅलरीतून ट्रामची घंटा ऐकू यायची. ड्रायव्हर ती घंटा पायाने वाजवायचा. परळ, लालबाग, भायखळा, जे. जे., क्रॉफर्ड मार्केट आणि मग बोरीबंदर, ही नावं आजी अजूनही एका दमात म्हणतात, रामरक्षा म्हणावी तशी.

मी वाचलेलं त्यांना सांगायची. मुंबईत ९ मे १८७४ला पहिली ट्राम धावली ती चक्क घोड्यांनी ओढलेली. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ला आणि दुमजली ट्राम १९२० साली. ती बंद का झाली, याचं उत्तर मात्र आजींनी पुस्तकापेक्षा सोपं करून दिलं. "एक ट्राम अडली की मागच्या सगळ्या अडायच्या. रुळावरून बाजूला कशी होणार?" खरंच आहे. रस्त्यांवर मोटारी वाढल्या, बसला वाट काढून पुढे जाता येत होतं, ट्रामला ते जमणारं नव्हतं. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. निरोप द्यायला ही गर्दी! आजेसासरेही गेले होते. आजी घरीच होत्या, माझे सासरे तेव्हा चार वर्षांचे आणि तापाने फणफणलेले. "मांडीवर पोर घेऊन गॅलरीत बसले होते," आजी म्हणाल्या. "घंटा आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा नाही, तर मला जागच येईना."

मग मला नादच लागला. ज्या मुंबईत आपण लग्नाच्या खरेदीला, नाहीतर नातेवाइकांच्या भेटीला जातो, तिथली कितीतरी स्थानकं नाहीशी झाली आहेत. पहिली गाडी जिथून सुटली, ते बोरीबंदरचं साधंसं स्टेशन आज नाही. त्याच परिसरात १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत व्हिक्टोरिया टर्मिनसची देखणी इमारत उभी राहिली, तेच आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. पश्चिमेकडची गाडी आज चर्चगेटला संपते, पण एके काळी ती पुढे थेट कुलाब्यापर्यंत जात असे. १९२८ साली त्या रेल्वेची पहिली विजेची लोकल धावली तीही कुलाबा ते बोरिवली अशीच. समुद्र बुजवून जमीन काढायचं काम निघालं तसं १९३० अखेर कुलाबा स्टेशन बंद झालं. लांबच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडलं. कुलाब्याच्या त्या जागी आता बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. बॅलार्ड पियरला तर बोटीतून उतरलं की समोर आगगाडी उभी असायची. पंजाबला जाणारी मेल १९१२ साली प्रथम तिथूनच सुटली. आज ती मेल आहे, पण ते स्टेशन नाही.

गोवालिया टँकची तऱ्हा तर आणखी निराळी. तिथला तलावही बुजला आणि बसच्या ताराही गेल्या. उरलं ते १९४२च्या 'भारत छोडो'चं ऑगस्ट क्रांती मैदान.

दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही टॅक्सी करून आजींना दादर टी. टी.ला नेलं. हे म्हणत होते, "त्यांना काही ओळखू येणार नाही, उगाच दगदग." आणि तसंच झालं. वर उड्डाणपूल, खाली गाड्यांची रांग. आजींनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं गाव?" माझा चेहरा उतरला. तेवढ्यात शेजारी एक बस थांबली आणि कंडक्टर ओरडला, "चला, टी. टी., टी. टी.!" आजींनी चटकन पदर सारखा केला आणि माझ्या मुलीचा हात धरला. "ऊठ गं, आपलं आलं."

आम्ही खाली उतरून पाचेक मिनिटं नुसतेच उभे राहिलो. माझगावचं नाव आजींनी काढलं नाही. परतताना त्या मुलीला म्हणाल्या, "तुझ्या पणजोबांना सांग, मी जाऊन आले म्हणून." या वेळी मी 'ते आता नाहीत' असं म्हटलं नाही. मुलीनेही "हो, सांगते" म्हटलं.

मैत्रिणींनो, घरात असं विसरणारं माणूस असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. त्यांच्या पिशवीच्या आत पत्ता आणि दोन फोन नंबर कापडी पट्टीवर लिहून शिवून टाका. चिठ्ठी हरवते, शिवलेली पट्टी हरवत नाही. दाराला वरच्या बाजूला एक छोटी घंटा बांधा, म्हणजे दार उघडलं की कळतं. बिल्डिंगचा वॉचमन, वाणी आणि कोपऱ्यावरचे रिक्षावाले यांना त्यांची ओळख करून ठेवा. डॉक्टरांचं औषध चालू ठेवाच. आणि ती माणसं काही वेगळंच बोलली तर लगेच 'असं काही नसतं' म्हणू नका. 'मग पुढे काय यायचं?' असं विचारा. वही-पेन्सिल जवळ असू द्या. मुलांना लिहायला बसवलंत तर त्यांचा अभ्यासही होतो आणि म्हातारपणाला सोबतही मिळते.

डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला गेले तेव्हा मी सांगितलं, "डॉक्टर, मागचं ते तारेच्या बसचं तेवढं खोडून टाका. ती बस होती." ते हसले आणि त्यांनी त्या ओळीवर काट मारली. आजींना त्यातलं काही कळलं की नाही, कोण जाणे. घरी येताना मात्र रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही.